इंग्रजी वचन आणि वाक्प्रचार: आधी क्रियापद पाहा

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी वाक्य पुष्कळदा वचनापाशी अडते, कारण मराठीतले वचन आपण नकळत इंग्रजी शब्दावर लादतो. मराठीत केस पिकतात, म्हणून ‘हेअर्स आर’ लिहिले जाते. तेथे ‘हेअर इज’ हवे. बातम्या अनेक असल्या तरी ‘न्यूज इज’च, आणि सल्ले कितीही मिळाले तरी ‘अ‍ॅडव्हाइस’ला अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही. मोजायचेच असेल तर आधी ‘अ पीस ऑफ’ जोडावे. उलट महाद्वार रोडवर घेतलेली एकच विजार ‘दीज ट्राउझर्स आर टाइट’ अशी अनेकवचनी होते, मात्र ‘अ पेअर ऑफ ट्राउझर्स’ म्हटले की कर्ता ‘पेअर’ ठरतो आणि क्रियापद ‘इज’ होते. म्हणून वहीत नवे नाम सुटे न लिहिता क्रियापदासह लिहावे. शेवटच्या ‘स’वर विसंबू नये. ‘पोलीस’मधला ‘स’ अनेकवचनाचा नसूनही त्याला ‘आर’ लागतो.

अंतर किंवा रक्कम एकच राशी मानली जाते. पन्हाळ्याला 20 किलोमीटर चालत जायचे असेल तर ‘ट्वेंटी किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’ हे बरोबर. पण तोच आकडा नामाआधी विशेषण होऊन आला की ‘अ ट्वेंटी-किलोमीटर वॉक’, येथे ‘स’ गळतो. ‘द नंबर ऑफ’ असेल तर क्रियापद एकवचनी आणि ‘अ नंबर ऑफ’ असेल तर अनेकवचनी, हे मात्र सरळ पाठ करावे. शाहू स्टेडियमवरील सामन्याविषयी लिहिताना ‘टीम’पुढे ब्रिटिश पद्धतीत ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात, अमेरिकी पद्धतीत सहसा ‘इज’. एकाच उत्तरात सरमिसळ तेवढी टाळावी.

वाक्प्रचारात तर वचन गोठलेलेच असते. गुपित एकच फुटले तरी ‘स्पिल द बीन्स’, आणि थट्टा आपल्या सगळ्यांची होत असली तरी ‘ही इज पुलिंग अवर लेग’. या दुसऱ्या वाक्प्रचाराचा अर्थ लावताना मराठीतील ‘पाय ओढणे’ आठवू नये, कारण आपल्याकडे त्यात दुसऱ्याची प्रगती रोखण्याचा भाव आहे, इंग्रजीत निव्वळ चेष्टा आहे. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. त्याचा कर्मणी प्रयोग केला, तर वाचकाला खरीखुरी बादली लाथाडल्याचेच वाटेल.