प्रकल्पासाठी माहिती शोधताना

माझी लेक सहावीत. परवा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांवर प्रकल्प होता. पोरीनं गूगलवर पहिलं जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवलं. जन्म २६ जुलै! मी म्हटलं, "अगं, दसरा चौकात जयंतीची गर्दी आपण जूनमध्ये बघतो की."

तेव्हापासून घरात एक पद्धत ठरली. आधी बालभारतीच्या संकेतस्थळावरून इयत्तेचं पुस्तक फुकट उतरवून घ्यायचं आणि त्यातला धडा वाचायचा. मग मराठी विश्वकोश. त्याची भाषा जड आहे, मान्य. पोरगी दोन ओळींत कंटाळते, म्हणून मी शेजारी बसते आणि अवघड शब्द वहीत लिहायला लावते. तिसरा नंबर विकिपीडियाचा. तिथं मजकुरापेक्षा खालची संदर्भांची यादी आधी बघायची. यादीच नसेल तर त्या पानावर विसंबायचं नाही.

शोधतानाही नुसतं 'शाहू महाराज' टाकू नका, साताऱ्याचे छत्रपती शाहूही मध्ये येतात. 'राजर्षी शाहू १९०२ आरक्षण' असं नेमकं टाकलं की पन्नास टक्के जागा राखीव ठेवणारा तो आदेश लगेच सापडतो.

दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर दोन्ही लिहायच्या, कुठं मिळाल्या तेही लिहायचं. जुन्या चरित्रांत २६ जुलै आहे, शासकीय जयंती २६ जूनला असते. पोरीनं दोन्ही लिहिल्या. चित्रं मात्र तिनं स्वतः काढली, प्रिंटरची शाई संपली होती.