अलियाची तयारी? आधी नावांचा तक्ता करा

अलिया, म्हणजे ज्यूंनी इस्राएलला कायमचं राहायला जाणं. त्याची तयारी करणाऱ्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत गाडी हमखास अडते ती नावात. पासपोर्टवर ‘पेणकर’, शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, आजोबांच्या केतुब्यात, म्हणजे ज्यू विवाहकरारात, नुसतं ‘शालोम बेन एलिया’ (एलियाचा मुलगा शालोम). माणूस एकच, हे सिद्ध करता करता जीव जातो.

एका फुलस्केप कागदावर तक्ता करा.

१. आडव्या ओळीत तुम्ही, आईवडील, आजीआजोबा. ज्यूंना इस्राएलमध्ये स्थायिक व्हायचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात १९७०च्या दुरुस्तीनंतर ज्यू माणसाची नातवंडंही बसतात, म्हणून तिथवर जाच.

२. उभ्या रकान्यात जन्मदाखला, लग्नाचा दाखला, केतुबा, पासपोर्ट. नाव कागदावर जसं आहे तसंच उतरवा, अगदी ‘आय’ की ‘डबल ई’ इथपर्यंत.

३. तफावतीला लाल गोल. तेवढीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी प्रमाणीकरण) त्यानंतर.

केतुबा सापडत नसेल तर लग्न जिथे लागलं त्या सिनेगॉगची नोंदवही बघायला मागा. आमच्या आजीचं माहेरचं नाव तिथेच मिळालं, फिकट निळ्या शाईत.

आणि हो, मूळ दाखले लॅमिनेट करू नका! अपॉस्टिलचा स्टिकर सहसा कागदाच्या पाठीवर लागतो.