ड्रम कोरचे जुने आणि नवे शो शेजारी ठेवून कसे बघायचे

ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानावर आकार करत शो करणारा तरुणांचा संघ, आणि डीसीआय (ड्रम कोर्स इंटरनॅशनल) ही अमेरिकेत त्यांच्या स्पर्धा भरवणारी संघटना. समजा तुम्ही डीसीआयचा एखादा अलीकडचा शो बघितला, आवडला, मग कोणीतरी म्हणालं की अरे सत्तरच्या दशकातले बघ, खरं ड्रम कोर तेच. मग तुम्ही तो लावता आणि तीन मिनिटांत बंद करता, कारण सगळे रांगेत उभे, ताठ, चौकोन करतायत, रंग उडालेला व्हिडिओ. किंवा याच्या उलट, जुने जाणते लोक नवा शो बघून म्हणतात की हे काय, टोप्या कुठे गेल्या, माईक कशाला, जमिनीवर लोळतायत काय. दोन्हीकडचे लोक एकच चूक करतात असं माझं मत, ते शो बघतात पण त्या वर्षी मार्क कशाला मिळायचे ते बघत नाहीत. या कलेत जवळपास प्रत्येक मोठा बदल आधी नियमात किंवा मार्कांच्या शीटवर झालाय आणि मग मैदानावर दिसलाय. (सगळा नाही, अपवाद पुढे येतोच.)

तर सुरुवात मार्कांपासून करा. आधी काय होतं की व्हीएफडब्ल्यू आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटना स्पर्धा भरवायच्या, नियमही त्यांचेच, त्यामुळे सगळं लष्करी थाटाचं. त्याला कंटाळून काही कोरनी स्वतःची संघटना काढली आणि 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाईटवॉटरला डीसीआयची पहिली चॅम्पियनशिप झाली, ती अनाहाइम किंग्समेनने जिंकली. पण मार्क द्यायची पद्धत जुनीच राहिली, टिक सिस्टीम. परीक्षक मैदानात फिरायचे आणि कोणाचा पाय चुकला, रांग वाकली, स्टिक आधी पडली की एक टिक, म्हणजे 0.1 मार्क कापला. शुद्धलेखनाच्या वहीवर लाल शाई ओढतात ना, अगदी तसं. आता विचार करा, अशा पद्धतीत तुम्ही अवघड काहीतरी कशाला लिहाल? जितकं जास्त कराल तितकं जास्त कापणार. म्हणून सममिती, सरळ रेषा, चौकोन, डावीकडे जे तेच उजवीकडे. वायोमिंगच्या कॅस्परच्या ट्रूपर्स कोरचा तो सनबर्स्ट, म्हणजे सूर्यकिरणांसारखा आकार बघा, घोडदळाच्या गणवेशातला, आजही बघताना मजा येते. तो बघताना कल्पनाशक्ती कमी होती असं म्हणू नका, चूक लपवायला जागाच नव्हती हे लक्षात ठेवून बघा म्हणजे ती रेष किती सरळ आहे ते एकदम दिसायला लागतं.

1984 पासून टिक गेली आणि वरून कापण्याऐवजी खालून मार्क चढवत न्यायची पद्धत आली, म्हणजे काय केलंत आणि किती चांगलं केलंत, दोन्हीचं वजन. म्हणून पहिली जोडी ही लावा: सत्तरच्या दशकातला ब्लू डेव्हिल्स किंवा सांता क्लारा व्हॅनगार्ड या कोरचा कुठलाही शो आणि त्याच्या शेजारी 1984 चे गारफिल्ड कॅडेट्स. गारफिल्डचं ड्रिल, म्हणजे मैदानावर कोणी कुठे चालायचं त्याची आखणी, जॉर्ज झिंगालीचं, वक्र रेषा, असममित आकार, आणि वेग इतका की आकार तयार होतोय म्हणेपर्यंत दुसऱ्यात विरघळतो. 1983, 84, 85 अशी सलग तीन वर्षं जिंकले ते. इथे एक प्रॅक्टिकल गोष्ट, शक्य असेल तर हाय कॅमवालं रेकॉर्डिंग शोधा, म्हणजे वरच्या एकाच कॅमेऱ्यातून पूर्ण मैदान दिसतं ते. मल्टी कॅममध्ये चेहरे छान दिसतात पण नेमकं ड्रिल बदलतानाच कॅमेरा कुठल्यातरी ट्रम्पेटवाल्याच्या नाकावर जातो.

आता कान. हे आधी डोळे मिटून करा, खरंच. जुन्या हॉर्नलाईनचा, म्हणजे पितळी वाद्यांच्या ताफ्याचा, आवाज वेगळा का लागतो तर ती वाद्यं जी (G) या स्वरातली बिगुलं होती, आणि त्यांना पूर्ण व्हॉल्व्ह (स्वर बदलायला दाबायच्या कळा) नव्हते, दोन पिस्टन व्हॉल्व्हची परवानगी 1977 ला, तीनची 1990 ला. म्हणजे काही स्वर त्या वाद्यावर नीट यायचेच नाहीत आणि अरेंजरला ते कोडं सोडवून लिहावं लागायचं. 2000 पासून कुठल्याही कीमधली ब्रास चालायला लागली आणि बहुतेक जण बी फ्लॅट आणि एफकडे गेले, यात सूर नीट लागणं हे एक कारण होतं आणि पैसा हे दुसरं, कारण वापरलेली बी फ्लॅट वाद्यं शाळांच्या बँडना विकता येतात, जी बिगुल कोण घेणार. 2014 ला ट्रॉम्बोनसुद्धा आले. जी बिगुलचा तो कडक, थोडा रांगडा आवाज गेला याचं जुन्या लोकांना वाईट वाटतं ते मला पटतं, पण सूर सुधारला हेही खरंय, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

पिट, म्हणजे मैदानाच्या पुढे एका जागी उभी केलेली मारिम्बासारखी तालवाद्यं, ऐकायचं तर 2003 आणि 2004 ची जोडी लावा, एकाच कोरची. 2004 पासून माईक चालायला लागले. त्याआधी मारिम्बा, व्हायब्राफोनवाल्यांना स्टेडियमच्या वरच्या ओळीपर्यंत पोचायचं म्हणून कडक मॅलेटने (वाजवायच्या काठ्यांनी) ठोकावं लागायचं, मग सगळं लाकडावर लाकूड आपटल्यासारखं यायचं. माईक आल्यावर मऊ मॅलेट, हळू रोल, वाद्याचा स्वतःचा टोन, हे सगळं शक्य झालं. माझ्या मते माईकने सर्वात जास्त भलं पिटचंच केलं आणि लोक शिव्या मात्र सगळ्या माईकलाच घालतात. 2009 ला सिंथेसायझर आले तिथे मात्र माझी तक्रार आहे, बऱ्याच शोमध्ये खालचा बेस सिंथने इतका भरून टाकतात की ट्युबा वाजतायत की नुसते चालतायत ते कळत नाही. ही परीक्षा प्रत्येक शोला लावून बघा: मोठ्या आवाजाच्या जागी फक्त ट्युबा ऐकायचा प्रयत्न करा. येत असेल तर सिंथ नीट वापरलाय. चांगला वापर ऐकायचा असेल तर 2014 चा ब्लूकोट्स कोरचा टिल्ट हा शो, त्यात पूर्ण हॉर्नलाईन आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून स्वर खाली वाकवतात, कान चक्रावून जातो, आणि ते सिंथशिवाय तसं झालंच नसतं. ते दुसरे आले, त्या वर्षी ब्लू डेव्हिल्सनी 99.650 चा विक्रम केला होता.

आता तो अपवाद. 1993, स्टार ऑफ इंडियाना हा कोर, शोचं नाव मेडीया. नियमात काही मोठं बदललं नव्हतं, तरी यांनी असा शो केला की टाळीला जागाच ठेवली नाही, बार्टोक, बार्बर या संगीतकारांचं अवघड संगीत, हॉर्नवाले वाजवता वाजवता शरीराने काहीतरी सांगतायत, आणि काही प्रेक्षकांनी चक्क हूटिंग केलं. फायनलला 0.1 ने हरले, कॅडेट्सकडून. 1991 चे चॅम्पियन होते तरी त्यानंतर स्पर्धाच सोडली, रंगमंचाकडे गेले आणि त्यातूनच पुढे ब्लास्ट हा शो झाला, ज्याला 2001 ला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. हा शो एकदा बघून आवडणार नाही बहुतेक. दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त हॉर्नवाल्यांचे खांदे आणि गुडघे बघा, आणि मग गेल्या दहा वर्षांतला कुठलाही टॉपचा शो लावा. आज सगळे जे करतात ते तिथे दिसेल.

कलर गार्ड, म्हणजे वाद्यं न वाजवता झेंडे वगैरे फिरवणारे लोक, बघायची वेगळी सवय लावावी लागते कारण आपला डोळा आपोआप आवाजाकडे जातो. एक अख्खा शो फक्त गार्ड बघा. जुन्या शोमध्ये झेंडा, रायफल, सेबर (तलवार) घेऊन कडेने रांग सांभाळणारे दिसतील, नंतर तेच लोक गोष्ट सांगायला लागले, नाच आला, 2008 च्या फँटम रेजिमेंटच्या स्पार्टाकसमध्ये तर अभिनयच आहे सरळ. 0.025 ने जिंकले ते, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो.

पोशाखासाठी 2016 चा ब्लूकोट्सचा डाऊन साईड अप पुरेसा आहे. टोप्या नाहीत, मोठे उतरते रॅम्प, हॉर्नवाले त्यावरून घसरतायत, आणि चॅम्पियनशिप पहिल्यांदाच. त्यानंतर बाकीच्यांनीही भराभर शाको, म्हणजे त्या उंच लष्करी टोप्या, काढून ठेवले. प्रॉप आवडत नसतील तर एवढंच तपासा की तो काढला तर शो बदलतो का, नसेल बदलत तर तुमची चिडचिड योग्य आहे.

मार्कांचा तक्ता वाचायला शिका, अवघड नाहीये. शंभरपैकी 40 जनरल इफेक्ट, म्हणजे शोचा एकूण परिणाम, 30 व्हिज्युअल, 30 म्युझिक. जनरल इफेक्टमध्ये पुढे आणि म्युझिकमध्ये मागे असलेला कोर दिसला की समजा डिझाईन भारी आहे पण वाजवणं अजून कच्चं, आणि उलट असेल तर पोरं तयार आहेत, शोच फसलाय.

शेवटचं म्हणजे एकाच शोची दोन रेकॉर्डिंग मिळवा, एक सीझनच्या सुरुवातीचं, जूनअखेरचं वगैरे, आणि एक ऑगस्टच्या फायनलचं, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवालं. सुरुवातीला बऱ्याचदा शेवट लिहूनच झालेला नसतो, पोशाख अर्धेच असतात, कधी मधला अख्खा तुकडा पुढे उडवून टाकलेला दिसतो. काय टाकलं आणि काय वाढवलं ते लिहून ठेवा आणि मग मधल्या आठवड्यांचे मार्क शेजारी ठेवून बघा, कुठल्या आठवड्यात कुठला कॅप्शन, म्हणजे मार्कांचा विभाग, हलला.