मार्गारिटा : आधी लिंबू, मग बाटली

मार्गारिटा या कॉकटेलात जिन्नस तीनच: टकीला, संत्र्याची लिकर (गोड दारू) आणि लिंबाचा रस. मंडळी बाटलीवर हजारो रुपये घालतात आणि लिंबू मात्र फ्रिजच्या दारातलं, परवाचं, अर्धं कापलेलं! माझ्याकडे पार्टी असली की मी त्याच दिवशी मंडईत जाऊन पातळ सालीची, पिवळसर, हाताला जड लागणारी कागदी लिंबं आणते. मेक्सिकोत पिळतात ते छोटं लिंबू याच जातीचं. अमेरिकेतल्या कृतींमध्ये मोठं, बिनबियांचं हिरवं लिंबू धरलेलं असतं, त्यामुळे त्यांची मापं आपल्याकडे कधीकधी फार आंबट होतात. लिंबू आडवं कापा, हलक्या हातानं पिळा. साल चेपली की कडवटपणा उतरतो. बाटलीतला तयार रस तर नकोच.

टकीला घेताना लेबलावर ‘100% दे अगावे’ बघा, म्हणजे ती पूर्णपणे अगेव्ह या झाडाच्या साखरेची. तसं लिहिलेलं नसेल, तर निम्म्याच्या आसपास साखर उसाची वगैरे असू शकते. ब्लांको (न मुरवलेली, पांढरी) पुरे, जुनी, मुरवलेली महागडी अन्येहो लिंबात बुडवू नका. (मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातला, टकीलाचा तो निळा अगेव्ह म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचा चुलतभाऊ.)

एका ग्लासासाठी माप: टकीला 50 मिली, संत्र्याची लिकर (कॉइंत्रो किंवा साधी ट्रिपल सेक) 20, रस 15. पेगमाप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं रेघा असलेलं झाकण धुऊन घ्या.

कॉइंत्रो परवडत नाही? मी नागपूरची, त्यामुळे माझा उपाय ठरलेला. दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त नारिंगी भाग 100 ग्रॅम साखरेत चुरडून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी 100 मिली गरम पाणी घालून विरघळवायचा, गाळायचा. लिकरऐवजी हा पाक 15 मिली. चव जरा वेगळी येते, पण वाईट नाही.

ग्लासच्या काठाला बाहेरून, तेही अर्ध्याच भागाला, लिंबाची फोड फिरवा आणि जाडसर कुटलेल्या मिठात टेकवा. उरलेला अर्धा मीठ नको असणाऱ्यासाठी.

आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत (लोणच्याची नको, वास जात नाही) सगळं ओता, बरणी बर्फानं भरा आणि 12-15 सेकंद जोरात हलवा. ओला, वितळू लागलेला बर्फ घेतलात तर पाणचट होईल; थेट फ्रीझरमधले कोरडे, मोठे खडे घ्या. चहाच्या गाळणीनं ग्लासात गाळा.

बर्फाचा चुरा घातलेलीच हवी असेल, तर तिचीही परंपरा आहे: 1971 साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ या रेस्टॉरंटवाल्यानं सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रातून ती काढली आणि ते यंत्र आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. घरी मिक्सर चालतो. फक्त गार जिभेला गोड कमी लागतं, म्हणून पाक 10 मिली जास्त घाला.