सड्यापासून खाजणापर्यंत : गावच्या जमिनीचा वापर कसा ठरवावा

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तरीही एप्रिलमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. म्हणून येथे कोणते पीक घ्यावे हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पाणी, उतार आणि हिस्सेदार पाहावेत.

सुरुवात मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर करावी. वहाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी कोठून तांबडे होते, हे पाहत काठाकाठाने वर सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सपाट माळापर्यंत, चालत जावे. बहुधा नुकताच झाडे तोडून उघडा पडलेला वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, उतार किंवा बागेसाठी यंत्राने खरवडलेला तुकडा सापडतो. जांभ्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ असतो. तो एकदा धुपून गेला की आपल्या हयातीत परत येत नाही. अशा जागा वहीत नोंदवाव्यात.

मग गावाच्या नकाशावर सडा, वरकस, भाताची खाचरे आणि खाडीकाठी असल्यास खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन, वेगळे दाखवावे. सड्याला पडीक समजू नये. तेथे गुरांचे गवत उगवते आणि जांभ्यातून मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना मिळते.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही. एका ७/१२ वर अनेक नावे असतात, त्यांतली बरीच मंडळी मुंबईला असतात, आणि आपला हिस्सा कोणता हेच ठाऊक नसलेला माणूस बांधबंदिस्तीवर पैसा घालत नाही. गणपतीला किंवा शिमग्याला सगळे भाऊबंद घरी असताना बसून बोलावे. सहमती झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तेवढे जमत नसेल, तर कोण कसणार आणि उत्पन्न कसे वाटणार हे निदान लिहून ठेवावे. जमीन कसायला दिली तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा तिच्यावर कायदेशीर हक्क निर्माण होईल, या भीतीने ती ओसाड ठेवणारेही पुष्कळ असतात. त्यांनी जाणकार वकिलाकडून करार तपासून घ्यावा.

यानंतर प्रत्यक्ष कामे हाती घ्यावीत. वरकसावर उताराला आडवे समतल चर खणून काजू लावावा आणि पालापाचोळा न जाळता झाडाच्या बुंध्याभोवती पसरावा. पाऊस ओसरताच, वहाळ वाहता असतानाच, रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. भातकापणीनंतर खाचरातल्या ओलीवर कुळीथ किंवा वाल चांगला येतो, मात्र मोकाट गुरांचा बंदोबस्त एकट्या शेतकऱ्याला जमत नाही. गुरे कधीपर्यंत बांधून ठेवायची, हे ग्रामसभेतच ठरवावे लागते. खाजणात पावसाआधी बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, तपासावी व पनवेल-३ सारखे खारे पाणी सोसणारे भात लावावे.

पुढच्या मृगात तीच वही घेऊन त्याच वाटेने चालावे. नोंदवलेल्या जागी पाणी अजूनही तांबडे दिसले, तर वरचा चर कोठे फुटला आहे ते त्याच दिवशी पाहून घ्यावे.