क्रूझवरचं स्पेशालिटी रेस्टॉरंट: टेबल घरूनच धरायचं की जहाजावर चढल्यावर?

क्रूझचं तिकीट निघालं की आठ दिवसांत नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "काकू, कंपनीचे मेल सुरू झालेत. स्टेकहाउस, जपानी, इटालियन, सगळ्यावर ऑफर आहे म्हणतायत. आत्ताच बुक करून टाकू का?" वैशालीबाहेर नाव लिहून फुटपाथवर ताटकळायची सवय असलेल्या पुणेकराला टेबल महिनाभर आधी धरता येतं याचंच एवढं अप्रूप वाटतं, की तो सगळ्या रात्री धरून मोकळा होतो. तसं करू नका. जिथे खुर्च्याच मोजक्या आहेत तेवढं घरून धरा, बाकीचं जहाजावर चढल्यावर बघा. आणि बरोबर कुणी शाकाहारी असेल तर आधी मेन्यू वाचा, मग पैशाचं बोला.

मुळात तिकिटात जेवण आलेलंच असतं. मुख्य डायनिंग रूम, बुफे, पिझ्झाचा काउंटर, यातलं काहीही खा, वेगळे पैसे नाहीत. स्पेशालिटी म्हणजे त्याच्या वरचं: रॉयल कॅरिबियनवर चॉप्स ग्रिल, जिओव्हानीज, इझुमी, नॉर्वेजियनवर कॅगनीज आणि ल बिस्त्रो, प्रिन्सेसवर क्राउन ग्रिल. काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम, मग मेन्यूतलं हवं ते मागवा. काही ठिकाणी, विशेषतः सुशीच्या, पदार्थागणिक बिल. उलट व्हर्जिन व्हॉयेजेस, ओशनिया, वायकिंग अशा कंपन्यांच्या जहाजांवर ही खास रेस्टॉरंटं तिकिटातच येतात. तिथे "फुकट आहे, जाऊ केव्हाही" म्हणून निवांत राहिलात तर मात्र पंचाईत. पैसे लागत नाहीत म्हणूनच सगळे येतात, आणि टेबल आधी धरावंच लागतं.

घरून काय धरायचं? पहिलं, तेप्पान्याकी. एका गरम तव्याभोवती आठ-दहा माणसं, समोर आचारी उलथणं वाजवत भात परततोय, आणि असे तवे जहाजभर मिळून मोजकेच. बसायच्या वेळाही ठरलेल्या. लहान मुलांना हा तमाशा भयंकर आवडतो, त्यामुळे सुट्टीच्या हंगामात तो सगळ्यात आधी भरतो. दुसरं, शेफ्स टेबल: बारा-पंधरा जणांची एकच पंगत, तीही सफरीत मोजक्याच वेळा. तिसरं, डिस्नेच्या जहाजांवरचं फक्त मोठ्यांसाठीचं पालो. तिथे जुन्या प्रवाशांना बुकिंग आधी खुलं होतं, तुमची पाळी येईपर्यंत चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

याशिवाय तुम्ही सहा-आठ जण एकत्र असाल तर कुठलंही रेस्टॉरंट असो, घरूनच धरा. दोघांना कुठेही कोपऱ्यात सामावून घेतात; आठ जणांचं टेबल आयत्या वेळी सहसा होत नाही, मग दीर-जाऊ एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या. दिवाळी, मे महिना, नाताळ या दिवसांत सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या जहाजांनाही हेच लागू. रात्रीच मोजक्या, आणि सगळ्यांचा डोळा त्याच मधल्या दोनांवर.

स्टेकहाउस आणि इटालियनची मात्र एवढी घाई नको. ही मोठी असतात. दोघांचं टेबल संध्याकाळी लवकर किंवा साडेआठनंतर बहुधा मिळतंच. आधी जातात त्या सात-साडेसातच्या वेळा. आणि इथे आपला एक फायदा आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथले सात म्हणजे पुण्याचे साडेचार, पोटाच्या हिशेबानं चहाची वेळ. पहिल्या दोन रात्री सहाचं टेबल धरलंत तर दुपारी साडेतीनला तीन कोर्सचं जेवण गिळल्यासारखं होईल. साडेआठ घ्या. गोरी मंडळी तोवर जेवून नाटकाला गेलेली असतात, वेटर मोकळे असतात, आणि आपल्याला कडकडून नसली तरी बऱ्यापैकी भूक लागलेली असते.

आता पैसे. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे हा भाग मला सोडवत नाही. समजा स्टेकहाउसचा दर माणशी ६० डॉलर. बहुतेक अमेरिकन कंपन्या त्यावर १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे वेटर मंडळींची टिप, लावतात. १८ टक्के धरले तर दोघांचे १४१.६० डॉलर. डॉलर ९० रुपये धरा: १२,७४४. कार्डाचं परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, ३.५ टक्के असेल तर त्याचे ४४६, त्या मार्कअपवर जीएसटी १८ टक्के म्हणजे ८०. झाले सव्वातेरा हजारांच्या वर. वाइन यात नाही. काही जहाजांवर वाग्यू (जपानी जातीचं महागडं बीफ) किंवा अख्खा लॉबस्टर मागवला तर त्याचे आणखी वेगळे.

परदेशी मंडळी सल्ला देतात की आधी बुक करा, पुढे भाव उतरला की रद्द करून पुन्हा घ्या. सल्ला चुकीचा नाही. जहाज निघण्याआधी मुदतीत रद्द केलं तर पैसे परत येतात, आणि घरून घेतलेला भाव जहाजावरच्या भावापेक्षा सहसा कमीच असतो. पण आपल्या कार्डावर परतावा त्या दिवसाच्या दरानं येतो, आणि गेलेलं मार्कअप परत मिळेलच याची खात्री नसते. म्हणजे चार-पाच डॉलरचा फरक दिसला म्हणून उड्या मारू नका. दहा-बारा डॉलर माणशी उतरले तरच हात घाला. मार्कअप कमी असलेलं कार्ड असेल तर ते वापरा. पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत ना तेही बघा, नाहीतर नेमकी ऑफरच्या शेवटच्या दिवशी अडचण.

शाकाहारी माणसाचा हिशेब तर निराळाच. स्टेकहाउसमध्ये त्याच्या नावाचा मुख्य पदार्थ एखाद-दुसरा. बाकी उकडलेला-कुस्करलेला बटाटा, मश्रूम, क्रीममधला पालक. दर तोच. साठ डॉलर मोजून पालक आणि बटाटा खायचा असेल तर खुशाल खा. इटालियन त्यातल्या त्यात बरं, पण सूप आणि रिझोटो चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलंय का ते विचारा. काटेकोर शाकाहारी असाल तर पार्मेसानही विचारात घ्या, ते चीज वासराच्या रेनेटनं, म्हणजे त्याच्या जठरातल्या पाचक रसानं, विरजतात. थाई ठिकाणी फिश सॉस असतोच. तेप्पान्याकीला भाजी मिळते, पण बहुधा त्याच तव्यावर जिथे मघाशी कोळंबी नाचली. आमच्या सासूबाईंना हे मी बसायच्या आधीच सांगते.

त्यांची सोय मुख्य डायनिंग रूममध्येच उत्तम होते, आणि ती फुकटात होते. बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद करून ठेवायची, आणि पहिल्या रात्री हेड वेटरला गाठायचं. सिंगापूरच्या जहाजावर आमचा हेड वेटर मंगळूरचा निघाला. त्यानं खिशातून छोटी वही काढली. "अम्मा, कल के लिए क्या बनवाऊँ?" सासूबाईंनी जरा विचार केला. "वरण-भात जमेल? लसूण नको." दुसऱ्या रात्री वाफाळता भात आला, वर पिवळं वरण, बाजूला तुपाची वाटी आणि लिंबाची फोड. हिंग नव्हता, मीठ बेताचं होतं, पण त्या रात्री आमच्या टेबलावर सगळ्यात खूश माणूस त्याच होत्या. शेजारी आम्ही लॅम्ब खात होतो, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

यातून एक पथ्य निघतं. तुमच्यासाठी मुद्दाम उद्याचं जेवण सांगून ठेवलेलं असेल आणि उद्याच तुम्ही स्पेशालिटीला जाणार असाल तर आदल्या रात्री वेटरला सांगा. तो बिचारा वाट बघत राहतो, आणि केलेलं अन्न वाया जातं.

रात्र कुठली निवडायची याला बरेच कंगोरे आहेत. कालनिर्णय आधी उतरवा. संकष्टी येते का, एकादशी येते का, सोमवारी कुणाचा उपास आहे का. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवणारं माणूस बरोबर असेल तर सातचं टेबल निरुपयोगी. आणि पुण्याची चंद्रोदयाची वेळ तिथे चालत नाही, त्या ठिकाणची बघावी लागते. डेकवर जाऊन चंद्र बघता येतो ही मात्र चैन, आभाळ स्वच्छ असलं तर.

मग बंदरं बघा. सिंगापूर–पेनांग–फुकेत अशा सफरीत फुकेतला मोठं जहाज पातोंगच्या समोर समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी ने-आण होते. परतीच्या बोटीला उन्हात रांग. सहाला जहाजावर पोचून साडेसहाला केस विंचरून, कडक कपडे घालून टेबलावर बसणं कुणाला जमत असेल तर मला त्यांना भेटायचंय. त्या रात्री बुफे. टेबल ठेवायचं ते समुद्रदिवसाला, म्हणजे जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी.

फॉर्मल रात्री, म्हणजे सगळे नटूनथटून जेवायला येतात त्या रात्री, मुख्य डायनिंग सोडू नका. त्या रात्री तिथला मेन्यू सगळ्यात चांगला असतो. आठवड्याच्या सफरीत बऱ्याच जहाजांवर लॉबस्टर त्याच वेळी येतो, तिकिटातला. आणि शोचं आरक्षण आधी करा, टेबल नंतर. स्टेकहाउसचं जेवण दीड-दोन तास चालतं, नऊच्या शोला साडेसातचं टेबल म्हणजे गोड न खाता उठायची तयारी.

जहाजावर चढल्याचा दिवस महत्त्वाचा. सगळे बुफेकडे धावतात, तेव्हा तुम्ही रेस्टॉरंटच्या दाराशी जा. तिथे टॅब घेऊन कुणीतरी उभं असतं. पहिल्या रात्री बरीच टेबलं रिकामी असतात, म्हणून त्या रात्रीसाठी सूट किंवा वाइनची बाटली अशी काहीतरी ऑफर बहुधा मिळते. विचारायला लाजू नका, आपण तुळशीबागेतून आलोय. समुद्रदिवसाला दुपारी उघडं असेल तर तेही विचारा, दुपारचा दर रात्रीपेक्षा कमी असतो आणि स्वयंपाकघर तेच.

पॅकेज घेतलंय त्यांनी तर चढल्या चढल्या हेच करायचं. रॉयल कॅरिबियनचं तीन रात्रींचं किंवा अमर्याद डायनिंग पॅकेज घरून विकत घेतलं तरी रात्री आणि वेळा सहसा जहाजावर गेल्यावरच पक्क्या होतात. वेबसाइटनं पहिल्या रात्रीची एखादी वेळ टाकलेली असते, ती नुसती नावापुरती. ती बघून निर्धास्त होणारा माणूस तिसऱ्या दिवशी रात्री सव्वानऊच्या टेबलावर सापडतो. अमर्याद पॅकेज मला चार रात्रींच्या सफरीला पटत नाही. सात रात्री असतील, घरात सगळे मांसाहारी असतील आणि समुद्रदिवसांची दुपारही तुम्ही तिथेच जेवणार असाल, तर पैसे वसूल होतात.

मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या क्रूझनं जाणार असाल तर एवढा विचार करायची गरजच नाही. दोन-तीन रात्रींत स्टारलाइट रेस्टॉरंट आणि फूड कोर्टचं जेवण तिकिटातलं असतं, तेच पुरतं. चॉपस्टिक्स नावाच्या रेस्टॉरंटला पैसे पडतात, वाटलंच तर तिथे गेल्यावर ठरवा. आणि पुण्यातल्या टूर कंपनीबरोबर ग्रुपनं जात असाल तर काहीही धरण्याआधी टूर मॅनेजरला वेळापत्रक मागा. भारतीय जेवणाची ग्रुपची वेळ ठरलेली असते, आणि आठला सगळे एकत्र असताना तुमचं इझुमीचं टेबल रिकामं राहतं.

रिकामं ठेवलं की दंड. आजारी पडलात, कंटाळा आला, बंदरात पोट भरून आलात, काहीही होवो, मुदत संपायच्या आत ॲपमधून किंवा फोन करून रद्द करा. मुदत कंपनीगणिक वेगळी असते, बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलेली असते. तो मेल उघडा, स्क्रीनशॉट काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. जहाजावर इंटरनेट बहुधा विकत घ्यावं लागतं, ऐन वेळी मेल उघडायला बसलात तर त्या पालक-बटाट्याहून महाग पडेल.