दिवाळीच्या सुट्टीआधीचा वर्ग: पहिली-दुसरीच्या हस्तकलेत या चुका टाळा

सहामाही परीक्षा संपते, सुट्टी लागायला तीन-चार दिवस उरतात आणि पहिली-दुसरीच्या वर्गात अभ्यास नावापुरता राहतो. मुलांचं चित्त फराळात आणि फुलबाज्यांत. अशा वेळी कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील करायचा ठरतो. मोबाइलवर एखादा देखणा नमुना सापडतो, सामान येतं आणि वीस मिनिटांत वर्गात गलका सुरू होतो: “बाई, माझा फाटला!” “सर, हे चिकटतच नाहीये!” उरलेलं सगळं मग मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून शिक्षकच पूर्ण करतात.

यातली बहुतेक गडबड मुलांनी कात्री हातात घेण्याआधीच झालेली असते. वस्तू शेवटी कशी दिसेल ते बघून आपण ती निवडतो. सहा-सात वर्षांच्या बोटांना ती जमेल का आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत बसेल का, हा विचार मागे पडतो. शिक्षण हक्क कायदा (२००९) प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक धरतो. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला तासिकेतलं जेमतेम एक मिनिट येतं. ज्या कामात दर मुलाला दोनदा मदत लागणार, ते काम या वर्गाचं नव्हे. कृती नक्की करण्याआधी ती एकदा स्वतः करून बघा, आणि उजव्या हाताने लिहीत असाल तर डाव्या हाताने करून बघा. कागद कुठे सटकतो, कात्री कुठे अडते, ते लगेच कळेल.

आकाशकंदील: चूक घडीपाशी होते

लहान मुलांसाठी चिरांचा कंदील सर्वांत सोपा. एका कागदाला घडी, घडीवरून चिरा, उघडून गुंडाळी. षटकोनी किंवा चांदणीचा कंदील या वयात नकोच. त्यात मोजमाप, काड्या, सुतळी सगळं येतं आणि मुलाच्या वाट्याला फक्त झिरमिळ्या धरून उभं राहणं उरतं.

चिरांच्या कंदिलात नेमकी चूक एकच, पण ती निम्म्या वर्गाची होते. मुलं घडीच्या बाजूने न कापता उघड्या बाजूने कापतात आणि कागद उघडला की दोन्हीकडे लोंबणाऱ्या पट्ट्या हातात येतात. “घडीकडून कापा” असं कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाला कागदाच्या दोन्ही कडा सारख्याच दिसतात. घडी घातल्यावर तिच्यावरून सगळ्यांना लाल खडू फिरवायला लावा. उघड्या बाजूपासून साधारण अडीच सेंटिमीटर आत पट्टीने एक काळी रेघ मारून घ्या. मग सूचना एवढीच: लाल कडेवरून निघायचं, काळ्या रेघेवर थांबायचं.

ए-फोर कागदाची घडी लांबीच्या दिशेने घालायची. चिरांमधलं अंतर दोन बोटांचं ठेवा. बारीक पट्ट्या सुंदर दिसतात, पण त्या तुटतात. पहिल्या चिरेआधी आणि शेवटच्या चिरेनंतर तेवढीच जागा मोकळी सोडायची, नाहीतर गुंडाळी करताना चिकटवायला कागदच उरत नाही.

तरीही दोघा-चौघांचा कागद उलट्या बाजूने कापला जाणारच. तो टाकून देऊ नका. तोच कागद पुन्हा घडी घालून कंदिलाच्या खालच्या कडेला आतून लावला की तयार झिरमिळ्या. त्या मुलाला फक्त दुसरा कागद द्यायचा. यासाठी चार-पाच कागद जास्तीचे आणून ठेवा. रडणारं मूल गप्प करण्यात जातो त्यापेक्षा वेळ फारच कमी लागतो.

कंदील उभा न राहता मध्येच बसत असेल तर दोष कागदाचा. घोटीव कागद फार लेचापेचा असतो, आणि कार्डशीटची दुहेरी घडी लहान मुलांच्या कात्रीला दाद देत नाही. रंगीत झेरॉक्स कागद किंवा जरा जाडसर क्राफ्ट पेपर घ्या आणि आत पिवळ्या कागदाची नळी बसवा. ही नळी उंचीला बाहेरच्या कागदापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी हवी. दोन्हींच्या वरच्या आणि खालच्या कडा जुळवून चिकटवल्या की मधल्या पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात. नळी तेवढ्याच उंचीची केली तर पट्ट्या सपाट राहतात आणि मुलं विचारतात, “बाई, माझा जाडा का नाही झाला?”

मग येतो जिलेटीन कागदाचा मोह. चमकतो छान, पण त्याला फेविकॉल धरत नाही. त्यात डिंक शिरायला जागाच नसते, त्यामुळे वाळलेला थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. जिलेटीन लावायचाच असेल तर चिकटपट्टी वापरा. खिडक्यांना रंग हवा असेल तर पतंगाचा कागद चांगला, तो साध्या खळीनेही बसतो.

खळीचं सांगायचं तर, तीस मुलांना ट्यूब वाटण्यापेक्षा घरून शिजवून आणलेली मैद्याची खळ कितीतरी बरी. एक वाटी मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचा. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या वर्गात ते अजिबात नको, ते विषारी असतं आणि पहिलीतलं मूल बोट चाटतंच. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. आणि ती बोटाने थोपटू देऊ नका. कापसाच्या बडने पातळ रेघ ओढली तर कागद लाटांसारखा वाकडातिकडा होत नाही.

कात्रीवर पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. टोकं बोथट हवीत, पाती नव्हे. पाती बोथट असली की कागद दोन पात्यांच्या मध्ये दुमडतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच कापता येत नाही. वर्गात डावखुरं मूल असेल तर त्याच्यासाठी डाव्या हाताची कात्री घ्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात आणि कापायची रेघही दिसत नाही.

तयार कंदील वर्गात टांगले की कोणीतरी हौसेने आत दिवा लावू म्हणतं. मेणबत्ती आणि पणती तर नाहीच, जुना पिवळा बल्बही नको. तो तापतो आणि कागद करपतो. कमी वॅटचा एलईडी चालेल, तोही कागदाला न टेकता.

पणती रंगवताना

पणत्या कुंभाराकडून आल्या तशाच मुलांच्या हातात दिल्या की पहिला हात रंगाचा मातीत जिरून जातो, दुसरा डागाळतो आणि वरची भुकटी ब्रशला लागून सगळा रंग विटकरी होतो. आदल्या आठवड्यात पणत्या रात्रभर पाण्यात ठेवा, धुऊन घ्या आणि पूर्ण वाळू द्या. ऑक्टोबरमध्ये हवा दमट असेल तर दोन दिवस धरा. ओलसर पणतीवर दिलेला रंग वाळताना फुटतो आणि पापुद्रे निघतात.

एकाच तासात पांढरा हात आणि त्यावर नक्षी, ही दुसरी चूक. पांढरा अजून ओला असतो, लाल त्यात पसरतो आणि सगळ्यांच्या पणत्या गुलाबी होतात. पांढरा हात आज, ठिपके उद्या. ब्रशने बारीक नक्षी या वयात साधत नाही. बडचं टोक किंवा पेन्सिलीचं मागचं टोक रंगात बुडवून ठिपके दिले तर प्रत्येक पणती देखणी दिसते. पोस्टर रंग गणवेशावरून धुतला जातो, अॅक्रिलिक जात नाही, आणि त्यावरून पालकांचे फोन येतात.

पणतीच्या आत आणि जिथे वात टेकते त्या चोचीवर रंग नको. टिकल्या, मणी, आरसे लावायचे तर चोचीपासून दूर, आणि आरशांच्या कडा बोट फिरवून तपासल्याशिवाय नाहीत. चमकी शक्यतो आणूच नका. ती डोळ्यांत जाते आणि संक्रांतीपर्यंत वर्गाच्या फरशीवर सापडत राहते. पणती घरी जाताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: माती आहे, तेल थोडं पाझरेल, खाली बशी ठेवा. नाहीतर आईची नवी चादर आणि बाईंचं नाव, दोन्ही खराब.

रांगोळी, भेटकार्ड आणि किल्ला

ठिपक्यांच्या रांगोळीत पहिलीची मुलं ठिपके मांडण्यातच थकतात. ठिपके तुम्हीच खडूने काढा, मुलांना जोडू द्या आणि आत दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूच्या पाकळ्या भरायला द्या. पाकळ्या डोळ्यांत जात नाहीत, हाताने पुसल्याही जात नाहीत. रांगोळीची पूडच वापरायची तर भरणं मधून सुरू करून बाहेर येऊ द्या. आणि पंखा बंद. हे सांगायला हवं का, असं वाटेल. पण ऐन वेळी कोणाच्या ना कोणाच्या हातून बटण दाबलं जातंच.

भेटकार्डावर फळ्यावरून “दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा” उतरवून घेण्याची पद्धत आहे. या एका ओळीत च्या, र्दि आणि च्छा अशी तीन जोडाक्षरं आहेत. जोडाक्षरांशी नुकती ओळख होत असलेलं मूल ती लिहिता लिहिता रडकुंडीला येतं आणि कार्डाचं चित्र राहूनच जातं. “शुभ दिवाळी” पुरे. खाली मुलाच्या मनातलं एक वाक्य येऊ द्या. “आजी, लाडू आण” असं वाकड्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड आजी जपून ठेवते, छापील मजकुराचं नाही. वर्गातल्या काही मुलांच्या घरी दिवाळी नसते. त्यांच्या कार्डावर सुट्टीचं किंवा मित्राला लिहिलेलं काहीही चालेल. आपण आधीच तसं सांगून ठेवलं तर त्या मुलाला वेगळं उभं राहावं लागत नाही.

किल्ला खरं तर वाड्यातला, इमारतीखालचा, मोठ्या भावंडांचा खेळ. शाळेत करायचाच तर शेवटच्या दिवशी सुरू करणं ही घोडचूक आहे, कारण सुट्टीत त्याला पाणी कोण घालणार? अळीव किंवा मोहरी पेरली तर हिरवळ दिसायला तीन-चार दिवस लागतात. तेव्हा आठवडाभर आधी, एका जुन्या ट्रेमध्ये, बाकावर मावेल एवढाच करा. नुसत्या मातीचा ढीग वाळला की तडकतो आणि घसरतो. खाली विटा किंवा खोकी रचायची, त्यांवर चिखलात बुडवून काढलेलं गोणपाट पसरायचं आणि वरून माती लिंपायची, ही गल्लीतल्या मुलांची पद्धत खात्रीची. राजगडाच्या तीन माच्या दाखवायचा हट्ट चौथीसाठी ठेवा. शिवरायांचा इतिहास तेव्हा अभ्यासाला असतो. पहिलीला एक दरवाजा, एक बुरूज, एक तळं आणि मनसोक्त मावळे.

गोव्यातल्या वर्गांत याच दिवसांत नरकासुराचे मुखवटे होतात. गल्लीतला मोठा नरकासुर नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळला जातो, त्यामुळे मुलांना त्याचं भारी आकर्षण. इथे दोनच गोष्टी सांभाळायच्या. डोळ्यांची भोकं मुखवटा तोंडावर धरून पाडायची नाहीत, पेन्सिलीने खूण करून खाली ठेवून पाडायची. आणि इलॅस्टिक लावताना स्टेपलरच्या पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्यायची, वर चिकटपट्टी लावायची. उलट लावली तर ती गालाला ओरखडतात.

परदेशातल्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळेचं गणित थोडं वेगळं. हॉल भाड्याचा, धुराचा अलार्म छताला, आणि वर्ग संपताच सगळे गाडीत. तिथे खळ आणि रंग वाळायला वेळच नसतो, म्हणून कंदील स्टेपलर आणि चिकटपट्टीनेच जोडावा. मातीच्या पणत्या मिळत नसतील तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी घालून मळलेल्या कणकेच्या पणत्या आदल्या आठवड्यात वळून ठेवता येतात. त्या वाळायला दोन-तीन दिवस जातात आणि त्यांत बॅटरीचा दिवाच ठेवायचा.

सामान आणि दिवस

“घरून कंदील करून आणा” असं सांगितलं की वर्गात आयांची स्पर्धा भरते. एका मुलाचा कंदील मखरासारखा, दुसऱ्याचा नाहीच, आणि दोघांनीही काही केलेलं नसतं. घरून फक्त रद्दी, रिकामी खोकी, जुना शर्ट आणि झेंडू मागवा. थर्माकोल मागवू नका. राज्याच्या २०१८च्या बंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं.

शेवटचा दिवस हस्तकलेला ठेवू नका. त्या दिवशी निम्मी मुलं गावाला गेलेली असतात. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या भागात तर दसरा झाला की कुटुंबं कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मुलं सोबत जातात. तिथल्या शाळांनी हे सगळं दसऱ्याच्या आधीच उरकावं, नाहीतर नेमकी तीच मुलं रिकाम्या हाताने जातात. चिरांचा कंदील गुंडाळायच्या आधी सपाट असतो, तो वहीत घालून नेता येतो.

एक मात्र काम सुरू होण्याआधीच करून घ्या. प्रत्येक कागदाच्या मागे आणि प्रत्येक पणतीच्या बुडाला पेन्सिलीने नाव. रंग वाळल्यावर तीस पांढऱ्या-लाल पणत्यांपुढे उभं राहून “ही माझी” म्हणणारी सहा मुलं निघतात, आणि त्यांचा न्याय मग मुख्याध्यापकांनाही करता येत नाही.